प्रचाराचा नारळ आणि वेशीबाहेरचा मतदार

निवडणूक जाहीर झाली की 'प्रचाराचा नारळ फुटला' असे आपल्याकडे म्हणतात. वर्तमानपत्रे म्हणतात, उमेदवार म्हणतात आणि आपले कार्यकर्तेही म्हणतात. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्यात एक देव आहे, एक देऊळ आहे आणि त्या देवळापुढे कोणी कोठे उभे राहायचे याचा एक ठरलेला क्रम आहे, हे ध्यानातही येत नाही. पेण आणि रोहा या तालुक्यांत तर हा नुसता वाक्प्रचार राहिलेला नाही. येथे उमेदवार ग्रामदैवताला जातो, नारळ वाढवतो, देवाला गाऱ्हाणे घातले जाते, गुलाल लागतो आणि मग गाड्या सुटतात. सर्व पक्षांचे असेच चालते. जो याला हरकत घेईल तो लगेच धर्मद्वेष्टा ठरतो.

हरकत घ्यावी की नाही, हा प्रश्न आपण थोडा बाजूला ठेवू. त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे. राजकीय प्रचारात धर्म नेमके कोणते काम करतो? या प्रश्नाचे उत्तर नीट दिले नाही तर आपण एकतर 'धर्म आणि राजकारण वेगळे ठेवा' असे पुस्तकी वाक्य बोलून मोकळे होतो, किंवा 'लोकांची श्रद्धा आहे, चालायचेच' म्हणून गप्प बसतो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत.

माझ्या मते प्रचारातला धर्म तीन कामे करतो. एक, तो बोलतो, म्हणजे माणसाच्या दुःखाला किंवा आशेला त्याच्या ओळखीची भाषा देतो. दोन, तो मोजतो, म्हणजे 'आपले' कोण आणि 'आपले नसलेले' कोण हे न सांगता सांगतो. तीन, तो बांधतो, म्हणजे शपथेने, देवाच्या कोपाच्या भीतीने किंवा गावाच्या धाकाने मतदाराचा हात धरतो. पहिल्या कामाला लोकशाहीत जागा आहे. दुसऱ्याविषयी सावध राहिले पाहिजे. तिसरे काम हा गुन्हा आहे. अडचण एवढीच की ही तीनही कामे एकाच नारळात एकत्र असू शकतात. ती वेगवेगळी करून पाहणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

पाण्याचा प्रश्न देवळाचा कसा झाला

याचा पहिला धडा आपल्याच जिल्ह्यात मिळालेला आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मागणी स्वच्छ होती. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे आणि नगरपालिकेचा ठराव अमलात यावा, एवढेच तिचे म्हणणे होते.

पुढे काय झाले? थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. देवळात शिरण्याचा कोणताही कार्यक्रम नव्हता. पण आवई उठताच प्रश्न बदलला. पाणवठ्याच्या हक्कावर ज्याला उत्तर देता येत नव्हते, तो आता देवाच्या रक्षणाला धावला. परतीच्या तयारीत असलेल्या, जेवत असलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. नंतर १०८ घागरींनी तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. नगरपालिकेच्या ठरावाला पंचगव्याने उत्तर दिले गेले.

या घटनेकडे आपण बहुधा अस्पृश्यतेच्या इतिहासातील प्रसंग म्हणून पाहतो. प्रचाराचे तंत्र म्हणूनही ती पाहिली पाहिजे. नागरी हक्काच्या प्रश्नाचे धर्माच्या प्रश्नात रूपांतर केले की तीन फायदे होतात. मूळ प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज उरत नाही. ज्याचे काहीच बिघडत नव्हते असा साधा माणूसही चिडून बाहेर पडतो. आणि हक्क मागणारा आपोआप आक्रमक ठरतो. आज कोठल्याही निवडणुकीत पाणी, जमीन किंवा मजुरीचा प्रश्न ऐन रंगात आलेला असताना एकदम देवाधर्माची आवई उठली, तर कार्यकर्त्याने वीरेश्वराची आठवण ठेवावी.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा महाडला आले, ते मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात उतरून. धरमतरचा नेहमीचा मार्ग टाळावा लागला, कारण तेथून पुढे मोटारवाले आपल्याला नेतील याचा भरवसा नव्हता. दासगावहून वेळ आली तर पायी तरी महाड गाठता येत होते. धरमतर पेणच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे त्या आवईची सावली पेणच्या रस्त्यापर्यंत पडली होती. परिषदेसाठी हिंदूंकडून जागा मिळाली नाही, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली आणि ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. मनुस्मृतीचे दहन हीसुद्धा एक धार्मिक अभिव्यक्तीच होती, हे विसरता कामा नये. पण ती 'आपले' आणि 'परके' यांची जन्मावरून मोजणी करीत नव्हती. ती एका ग्रंथाने केलेल्या मोजणीला नकार देत होती. तळ्याचा दावा मात्र तब्बल दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

गणपतीच्या गावात

आता पेणकडे वळू. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती. शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत घरोघर कारखाने आहेत. साचे काढणे, घासकाम, रंगकाम, डोळ्यांची आखणी अशी कामाची वाटणी असते आणि त्यात बायकांचा हात मोठा असतो. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जे राजकीय रूप दिले, त्याने देवघरातला देव मांडवात आला. परक्या सत्तेविरुद्ध माणसे एकत्र आणण्यासाठी धर्माच्या भाषेचा उपयोग झाला, हे खरे आहे. पण त्या मांडवाने 'आपले' कोण, याची मोजणीही केली. मोहरमच्या ताबुतांत पूर्वी सामील होणारे अनेक हिंदू त्या काळात तेथून दूर झाले. एकच उत्सव बोलतही होता आणि मोजतही होता.

या उत्सवामागचा कारागीर मात्र प्रचाराच्या मंचावर क्वचितच दिसतो. अलीकडचे उदाहरण घ्या. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींमुळे नद्या, तलाव आणि खाड्या दूषित होतात, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्यांच्यावर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कडकपणे पाळण्यास सांगितले. पेणच्या कारखान्यांत चिंता पसरली. जून २०२५ मध्ये अशा मूर्ती बनवण्यास न्यायालयाने मुभा दिली, पण त्यांचे नैसर्गिक जलाशयात विसर्जन करता येणार नाही असे सांगितले. जुलैमध्ये सहा फुटांपेक्षा उंच मूर्तींपुरती त्यातही मार्च २०२६ पर्यंत सवलत दिली. त्याच जुलैत राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला.

यात खरे प्रश्न दोनच होते. पाण्याचे काय करायचे? आणि ज्यांचे वर्षाचे पोट या हंगामावर आहे त्यांचे काय करायचे? शाडूच्या मूर्तीला वेळ जास्त लागतो, ती जड असते आणि वाहतुकीत फुटते. मग वाढीव मजुरी कोण देणार, मातीचा पुरवठा कसा होणार, आखणी करणाऱ्या बाईला पावसाळ्यानंतर काय काम मिळणार? हे प्रश्न राजकारणाचेच आहेत. परंतु सगळ्या चर्चेत श्रद्धेचा उच्चार जितका झाला तितका मजुरीचा झाला नाही. येथे कोणी लाठी उगारली नाही, कोणाला परके म्हटले नाही. तरीही महाडचेच तंत्र सौम्य रूपात दिसते. पाण्याचा आणि पोटाचा प्रश्न देवाचा प्रश्न झाला की कारागीर दिसेनासा होतो आणि देवाचे रक्षणकर्ते तेवढे दिसू लागतात.

मान, गावकी आणि धाक

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर निघणाऱ्या त्यांच्या पालखीला पोलीस दलाकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते. ब्रिटिश अमदानीपासून ही प्रथा चालत आल्याचे सांगतात. पालखी घरोघर जाते, माणसे वाट पाहत असतात आणि त्यांच्या भावनेचा उपहास करण्याचे आपल्याला कारण नाही. पण या चित्रात धर्म, गाव आणि राज्यसत्ता एकाच चौकात उभी आहेत, हे पाहिले पाहिजे. ग्रामदैवत हा कोकणात केवळ पूजेचा विषय नसतो. तो गावाचा नकाशा असतो. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, काठी कोणाची, पालखी कोणत्या वाटेने जाणार आणि कोठून मागे फिरणार, यावरून गावातील प्रत्येकाची जागा ठरते. या जागेला 'मान' म्हणतात. मान ज्याचा त्याचाच असतो, तो मागून मिळत नाही.

या व्यवस्थेत महारवाड्यालाही जागा होती. दवंडी देणे, मेलेले जनावर ओढणे, सणाच्या वेळी ठरलेली कामे करणे, ही ती जागा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर गावोगाव बौद्धांनी ही कामे टाकली. त्यांनी देव सोडला तसा तो 'मान'ही सोडला. हा निर्णय धार्मिक होता, तितकाच राजकीय होता. गावाच्या नकाशात आपल्यासाठी आखलेली जागा नको, आम्ही आता नागरिक म्हणून येथे राहू, असे त्यांनी सांगितले.

आता प्रचाराचा नारळ पुन्हा पाहा. उमेदवार ग्रामदैवतापुढे नारळ वाढवतो तेव्हा तो देवाला नमस्कार करतो इतकेच घडत नाही. त्या क्षणी तो मतदारयादी बाजूला ठेवून मानकऱ्यांची यादी हातात घेतो. मतदारयादीत बौद्धवाडीतली म्हातारी आणि गावचा मानकरी यांचे मत एकच असते. मानाच्या यादीत तिचे नाव नसते. प्रचार जेथून सुरू होतो तेथेच तिला कळते की हे बोलणे आपल्याशी नाही. रायगड जिल्ह्यातील सातही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. पेण मतदारसंघात पेणबरोबर सुधागड आणि रोहा तालुक्याचा काही भाग येतो. तेथे दलित आणि आदिवासी मते बाजूला ठेवूनही विजयाची बेरीज मांडता येते, असे उमेदवाराला वाटले तर नवल नाही. म्हणूनच प्रचाराची भाषा कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा आपल्या दृष्टीने भावनेचा प्रश्न राहत नाही. पाण्याची टाकी कोणत्या वाडीत होणार, हे त्यावरून ठरते.

कातकरी बांधवांची स्थिती याहून बिकट आहे. पेण-रोह्याच्या डोंगरकडेला त्यांच्या अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर आपले, घराखालची जमीन परक्याची. वीटभट्टीची उचल घेऊन ते हंगामात स्थलांतर करतात. निवडणुकीत त्यांच्या वाडीवर देवळाच्या सभामंडपाचे किंवा भजनाच्या साहित्याचे आश्वासन लवकर पोहोचते. वाडीखालच्या जमिनीचा गावठाण म्हणून निकाल लावण्याचे आश्वासन उशिरा पोहोचते, किंवा पोहोचतच नाही. सभामंडप दिल्याने जमीनमालक दुखावला जात नाही, हे यामागचे साधे कारण आहे.

मोजणीच्या पुढची पायरी म्हणजे बांधणे. गावकीची बैठक बहुधा देवळातच बसते. गावाने अमुक एकाला मते द्यायची असे तेथे ठरते. नारळावर हात ठेवून, भंडारा उचलून शब्द घेतला जातो. शब्द मोडला तर देव बघून घेईल, आणि देवाने नाही बघितले तर गाव बघून घेईल, हे सर्वांना ठाऊक असते. गावाचे बघून घेणे म्हणजे वाळीत टाकणे. बोलणे बंद, दुकानातून माल बंद, सणासमारंभात येणे बंद, मयताला खांदा बंद. अशा तक्रारी रायगड जिल्ह्यातून इतक्या आल्या की वाळीत टाकण्याविरुद्ध कायद्याची मागणी या जिल्ह्याच्या नावाशी जोडली गेली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीचा निर्णय मानला नाही, हेही त्या तक्रारींतले एक कारण होते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही की वाळीत पडलेले बहुसंख्य लोक दलित नव्हते. ते गावकीच्या आतलेच होते. जी व्यवस्था बाहेरच्याला बाहेर ठेवते, तीच आतल्याला आत कोंडते.

कायदा काय सांगतो

कार्यकर्त्याला कायद्याची ढोबळ तरी माहिती हवी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याचे १२३ वे कलम भ्रष्ट आचार कोणते हे सांगते. त्यातील तीन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. पहिली, देवाचा कोप होईल किंवा पाप लागेल असे मतदाराच्या मनात भरवणे हा गैरवाजवी दबाव आहे. दुसरी, धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत द्या अथवा देऊ नका असे आवाहन करणे, तसेच त्यासाठी धार्मिक चिन्हांचा उपयोग करणे हा भ्रष्ट आचार आहे. तिसरी, या कारणांवरून नागरिकांच्या गटांत वैर वाढवणे हाही भ्रष्ट आचारच आहे. याशिवाय आदर्श आचारसंहिता सांगते की देवळे, मशिदी, चर्च किंवा कोणतेही प्रार्थनास्थळ प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरू नये. उमेदवाराने दर्शन घेण्याला मनाई नाही. देवळाच्या पायरीवरून मत मागण्याला आहे.

या कलमाची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले येथे पोटनिवडणूक झाली. धर्माच्या नावाने मते मागितल्यामुळे विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या प्रचारातील भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. परंतु 'हिंदुत्व' हा शब्द उच्चारला म्हणजे धर्माचे आवाहन झालेच असे मानता येणार नाही, असेही त्याच निकालात सांगितले गेले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात मनोहर जोशी यांची दादरची निवड मात्र वैध ठरली. पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, हे विधान न्यायालयाला केवळ आशा व्यक्त करणारे वाटले. आवाहन कोठे संपते आणि आशा कोठे सुरू होते, ही रेषा किती बारीक आहे ते यावरून दिसते.

पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरवले की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या किंवा जातीच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध आहे. हे प्रकरणही मुंबईतलेच, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचे. या निकालातील तीन न्यायाधीशांचे वेगळे मत आपल्या चळवळीने लक्षपूर्वक वाचले पाहिजे. जात आणि धर्म यांच्या नावाने ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला, त्यांना तो अन्याय निवडणुकीत बोलून दाखवण्याचीच बंदी होईल काय, अशी चिंता त्यामागे होती. ही चिंता खोटी नाही. 'मी महार आहे म्हणून मला मत द्या' आणि 'महारवाड्याला पाणी मिळाले नाही, ते मी आणीन' ही दोन वाक्ये सारखी नाहीत. पहिल्यात जात हे मत देण्याचे कारण आहे. दुसऱ्यात जातीमुळे झालेला अन्याय हा राजकारणाचा विषय आहे. हा फरक पुसला गेला तर कायदा बलवानाच्या नारळाला हात लावणार नाही आणि दुबळ्याची तक्रार मात्र बंद करील.

कायद्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका दाखल करावी लागते. दोष उमेदवाराचा, त्याच्या प्रतिनिधीचा किंवा त्याच्या संमतीने वागणाऱ्याचा आहे हे सिद्ध करावे लागते. देवळात गावकीने घेतलेल्या शब्दाची टिपणी कोणी ठेवीत नाही. शिवाय हा कायदा लोकसभा-विधानसभेचा आहे. ग्रामपंचायतीत गावकीचा हात सर्वांत लांब पोहोचतो, आणि तेथील निवडणुकीचा कायदा निराळा आहे. म्हणून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम महत्त्वाचा ठरतो. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पेण-रोह्याच्या प्रत्येक शिक्षकाने हा कायदा एकदा तरी वर्गात समजावून सांगावा.

कुलाब्याची दुसरी परंपरा

येथवर वाचून कोणी म्हणेल की श्रद्धाळू समाजात दुसरे काय होणार? पण याच जिल्ह्याने दुसरे काही करून दाखवले आहे. १९३३ पासून १९३९ पर्यंत चरीच्या परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप चालला. सावकार-खोताची जमीन कसायची नाही, हा त्या संपाचा निश्चय होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कुणबी, आगरी आणि महार त्यात एकत्र होते. त्यांचे देव वेगळे होते, पाणवठे वेगळे होते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट खंड ही होती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावातही धर्म किंवा जात नव्हती, हे योगायोगाने घडलेले नाही.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या १९८४ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. त्यांच्यामागे जमिनीचा प्रश्न होता. त्यानंतर १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन निवडणुका आणि पुन्हा २००४ ची निवडणूक याच मतदारसंघातून अ. र. अंतुले यांनी जिंकली. हा काळ अयोध्येच्या आंदोलनाने देश ढवळून निघालेला काळ होता आणि हिंदू बहुसंख्य असलेल्या मतदारसंघाने एका मुसलमान उमेदवाराला निवडून दिले. अर्थात अंतुले यांनाही चिन्हांचे सामर्थ्य माहीत होते. मुख्यमंत्री असताना १ जानेवारी १९८१ रोजी त्यांनी कुलाब्याचे नाव रायगड केले आणि भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली. ज्याच्याकडे परका म्हणून बोट दाखवले जाऊ शकते, त्याला 'आपला' ठरण्यासाठी अधिक मोठे चिन्ह उचलावे लागते, असाही याचा एक अर्थ आहे.

सर्वांत बोलके उदाहरण पेण तालुक्यातलेच आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते आणि सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटना त्यात होत्या. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. माळकरी होते, नवसाचे गणपती बसवणारे होते, बायाबापड्या होत्या. त्यांनी आपापले देव घरी ठेवले नव्हते. पण कागदावर प्रश्न एकच होता, जमीन द्यायची की नाही. प्रचंड बहुमताने नकार आला आणि तो प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. श्रद्धाळू माणूस धर्माच्या प्रश्नावरच मत देतो, ही समजूत खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी खोटी ठरवली. मतपत्रिकेवर आपल्या जगण्याचा प्रश्न स्पष्ट लिहिलेला असेल तर तो त्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पण या परंपरेचेही ऑडिट करायला हवे. जमिनीच्या लढ्यात ज्याच्या नावावर सातबारा आहे तो शेतकरी ठरतो. बौद्धवाडीतला मजूर आणि कातकरी यांच्या नावावर सातबारा नाही. त्यांना लढ्यात घोषणा मिळाली, कौलात मत मिळाले नाही. धर्म बाजूला ठेवल्याने समता आपोआप येत नाही, एवढा धडा आपण त्यातून घेतला पाहिजे.

आपल्या घरात

दुसऱ्यांच्या नारळाविषयी एवढे बोलल्यावर आपल्या मेणबत्तीविषयी गप्प बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'जयभीम' हे आपले अभिवादन आहे आणि निवडणुकीच्या घोषणेतही ते येते. सभेची सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने होते. यात गैर काय? धर्म बोलतो तोपर्यंत गैर काही नाही. ज्याला शतकानुशतके मान वर करून बोलता आले नाही, त्याने 'जयभीम' म्हणून मत मागणे हा माणूसपणाचा उच्चार आहे. पण तोच शब्द मोजू आणि बांधू लागला की आपणही तीच वाट धरतो. 'खरा बौद्ध असशील तर अमक्यालाच मत देशील' हे वाक्य आणि भंडाऱ्याची शपथ यांत फारसे अंतर नाही. प्रत्येक गटाच्या फलकावर बाबासाहेबांचे छायाचित्र असते, म्हणून प्रत्येक गटाचा कार्यक्रम बाबासाहेबांचा होत नाही.

बाबासाहेबांनी नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. देवळात जाऊन आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून तो केला नव्हता, त्यांच्यात जागृती आणि लढण्याचे बळ यावे म्हणून केला होता, असे त्यांनी नंतर भाऊराव गायकवाडांना स्पष्ट कळवले. साधन कोणते आणि साध्य कोणते, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांच्या स्वतःच्या भक्तांनाही लागू आहे.

आज निवडणुकीच्या तोंडावर विहाराला फरशी, कमान किंवा सभागृह देण्याचे आश्वासन घेऊन उमेदवार येतो. आपण ते घेतो आणि वाडीचे मत ठरते. कमान उभी राहते. तिच्याखालून स्मशानाकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाचीच राहते. विहार नको असे माझे म्हणणे नाही. विहार आपण वर्गणीतून बांधू शकतो आणि बांधलेही आहेत. वाट, पाणी, शाळा आणि गावठाण वर्गणीतून होत नाही. ते राज्याकडूनच मागावे लागते. उमेदवाराकडून काय मागायचे, हे ठरवण्याचा अधिकार आपण त्याच्या हाती देऊन बसलो आहोत.

पाच प्रश्न

म्हणून प्रचारात धर्म दिसला की चिडण्याआधी किंवा हरखून जाण्याआधी कार्यकर्त्याने पाच साधे प्रश्न विचारावेत. हे बोलणे सुरू होण्याआधी कोणता प्रश्न चालला होता, आणि आता तो कोठे गेला? हे बोलताना 'आपण' म्हणून कोणाला धरले आहे, आणि वेशीबाहेर कोण राहिले? ज्याला हे मान्य नाही त्याला उद्या गावात पाणी, दुकान आणि खांदा मिळेल काय? उमेदवार जे देऊ करतो आहे ते आपण स्वतः उभारू शकतो काय, की राज्याने द्यायला हवे ते तो चुकवतो आहे? आणि हेच वाक्य आपल्या मंचावरून बोलले गेले असते तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या काय?

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो विचारण्याची तयारी असेल तरच पहिले चार विचारण्याचा आपल्याला अधिकार राहतो.

नारळ फोडणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही. त्याने तो आपल्या घरी, आपल्या देवापुढे जरूर वाढवावा. पण प्रचार सुरू करायचा असेल तर तो बौद्धवाडीच्या विहिरीवर, कातकरीवाडीच्या अंगणात किंवा मूर्तीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्या बाईसमोर सुरू करण्याची मागणी आपण पेण-रोह्यात करू शकतो. तेथे मान कोणाचाच नसतो आणि प्रश्न सगळ्यांचे असतात. चवदार तळ्यावर ओंजळीत पाणी घेणाऱ्या माणसांनी एवढीच मागणी केली होती. आवई उठली तरी त्यांनी पाण्याचा प्रश्न हातातून सोडला नाही. निकाल लागायला दहा वर्षे लागली, पण लागला तो पाण्याच्या प्रश्नावरच.